पाठीवरचा पाय : पायांनी केलेली मालीश किती गुणकारी, किती खर्चाची?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची रांग लागली की ज्या विषयावर हमखास चर्चा रंगते तो विषय म्हणजे पाठ. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या मांडीत चमक भरते, कोणाचा हात खांद्याच्या वर जात नाही. तीस-तीस वर्षे खुर्चीत बसून नोकरी, जाता-येता दोन तासांचे ड्रायव्हिंग आणि हिवाळ्यात फावड्याने उपसलेला बर्फ या सगळ्याची वसुली पन्नाशीनंतर पाठ करते. मग प्रत्येकाचा आपापला उपाय असतो. गेल्या काही वर्षांत या चर्चेत एक नवीन नाव ऐकू येते : आशिआत्सु, म्हणजे थेरपिस्टने छताला बसवलेल्या दांड्या धरून अनवाणी पायांनी केलेला मसाज. "हाताच्या मसाजपेक्षा खोल जातो," असे करून आलेले सांगतात. खोल जातो म्हणजे नक्की काय होते, त्याने दुखणे बरे होते का, कोणी तो करून घेऊ नये आणि खिशाला किती चाट बसते, हे प्रश्न मला गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारले. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी स्थापत्य अभियंता आहे. इमारतींचे पाये आणि त्यांच्याखालची माती यांत माझी नोकरी गेली. माझी स्वतःची कंबरदुखी जुनी आहे आणि हा मसाज मी सहा वेळा करून घेतला आहे. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतः मोजून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

ही पद्धत आली कुठून?

पायांनी अंग रगडणे ही अमेरिकेने लावलेली युक्ती नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामानंतर पायांनी अंग मर्दन करून घेण्याचा उल्लेख आहे. केरळात कळरिपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यात 'चवुट्टि उझिच्चिल' नावाची मालीश चालते. चवुट्टि म्हणजे पायाने तुडवणे. शिष्य जमिनीवर तेल लावून पालथा झोपतो, गुरू वर बांधलेल्या दोरीला धरून एका पायावर तोल सांभाळतो आणि दुसऱ्या पावलाने खांद्यापासून पायापर्यंत लांब पट्टे ओढतो. कथकळीच्या विद्यार्थ्यांनाही पावसाळ्यात ही मालीश देतात. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या केरळ कलामंडलमच्या शिक्षणात तिला महत्त्वाचे स्थान आहे. कथकळीत गुडघे बाहेर वळवून तासन् तास बसक्या पवित्र्यात उभे राहावे लागते, त्यासाठी कोवळ्या वयात सांधे मोकळे करणे हा तिचा हेतू. ध्यानात घ्या, ही तरुण, निरोगी, रोज कसरत करणाऱ्या शरीरांसाठी घडवलेली पद्धत आहे. साठीच्या दुखऱ्या कंबरेसाठी ती मुळात नव्हतीच.

थायलंडच्या पारंपरिक मालीशमध्येही तळहात, कोपर आणि गुडघे यांच्या बरोबरीने पावलांचा वापर होतो. या थाई मालीशची युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. 'आशिआत्सु' हा शब्द जपानी; आशि म्हणजे पाय आणि आत्सु म्हणजे दाब. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास रूथी हार्डी या मसाज थेरपिस्टने छताच्या दांड्या, मसाजचे टेबल आणि क्रीम यांची सांगड घालून एक शिस्तशीर पद्धत बसवली आणि ती इतर थेरपिस्टना शिकवायला सुरुवात केली. आज आपल्या गावातल्या मॉलशेजारी जी पाटी दिसते ती बहुधा याच घराण्यातली असते.

या पद्धतीचा एक फायदा गिऱ्हाइकापेक्षा थेरपिस्टचा आहे, तोही सांगायला हवा. दिवसाला पाच-सहा माणसांची पाठ अंगठ्याने दाबून थेरपिस्ट मंडळींचे अंगठे आणि मनगटे कामातून जातात. पायांनी काम केले की हात वाचतात.

पाय 'खोल' कसा जातो?

इथे माझा धंदा कामाला आला. इमारतीचा भार मातीत किती खोल पोचतो हे पायाच्या रुंदीवर अवलंबून असते. चौरस पाया घेतला, तर त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीवर वरच्या दाबाचा साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणजे पाया अरुंद असेल तर दाब वरच्यावरच विरतो आणि रुंद असेल तर खालपर्यंत जातो.

आता हेच गणित पाठीवर मांडू. अंगठ्याचे टेकलेले टोक २ सेंटिमीटर चौरस धरू, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर. त्यावर ७ किलो भार दिला, तर कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला १.७५ किलो दाब पडतो. पावलाचा टेकलेला भाग ८ सेंटिमीटर चौरस धरू, म्हणजे ६४ चौरस सेंटिमीटर. त्यावर १६ किलो भार दिला तर दाब फक्त ०.२५ किलो. म्हणजे कातडीवर अंगठ्याचा दाब पावलाच्या सातपट झाला. पण ४ सेंटिमीटर खाली जाऊन पाहिले तर अंगठ्याच्या दाबाचा दहावा हिस्सा उरतो, सुमारे ०.१८ किलो, आणि पावलाच्या दाबाचा सत्तर टक्के हिस्सा उरतो, तोही सुमारे ०.१८ किलोच! त्याहून खाली तर पाऊल पुढेच असते.

शरीर म्हणजे माती नव्हे, हे मलाही कळते. त्यात कातडी, चरबी, स्नायू, हाडे असे थर आहेत आणि ते जिवंत आहेत. तरीसुद्धा या हिशेबातून मुख्य मुद्दा समजतो. पाऊल खोल जाते ते जोराने टोचून नव्हे, तर पसरून. वर टोचत नाही म्हणून माणूस अंग आखडून घेत नाही, स्नायू सैल राहतो आणि आतपर्यंत दाब जाणवतो. कमरेच्या दोन्ही बाजूंचे जाड उभे स्नायू, बैठकीचे स्नायू आणि मांडीची मागची बाजू, अशा मोठ्या आणि मांसल जागांसाठी पाऊल उत्तम. उलट मान, खांद्याची वाटी, मनगट अशा लहान जागी पावलाचे काम नाही. तिथे हातच हवा.

सगळी मदार आहे ती मात्र छताच्या दांड्यांवर. थेरपिस्टचे वजन ६० किलो असले तरी ती ६० किलो आपल्या पाठीवर ठेवत नाही. दांड्यांना धरून आणि दुसरा पाय टेबलावर ठेवून ती किती वजन सोडायचे हे क्षणाक्षणाला ठरवते. दांडी म्हणजे या मसाजचा नळ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

गुण येतो का? अभ्यास काय सांगतात?

फक्त पायांच्या मसाजवर मोठे अभ्यास झालेले नाहीत म्हटले तरी चालेल. त्यामुळे एकूण मसाजवर जे संशोधन झाले आहे त्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. मला महत्त्वाची वाटली ती माहिती अशी :

१. सिअ‍ॅटल भागात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला स्नायू आणि सांधे नेमके हेरून केलेला मसाज, दुसऱ्या गटाला साधा आराम देणारा मसाज, दोन्ही आठवड्याला एक याप्रमाणे दहा वेळा. तिसऱ्या गटाचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. दहा आठवड्यांनी मसाजच्या दोन्ही गटांत दर तिघांत एकापेक्षा जास्त जणांनी दुखणे खूप कमी झाले किंवा गेले असे सांगितले. नेहमीच्या उपचारांच्या गटात असे सांगणारा पंचविसांत एक होता. सहा महिन्यांनंतरही हालचालींत थोडा फायदा टिकून होता, वर्षानंतर मात्र फारसा उरला नाही. आणि गंमत पाहा, नेमका मसाज आणि आरामाचा मसाज यांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

२. थायलंडमध्ये पाठदुखीच्या १८० रुग्णांवर थाई मालीश आणि स्वीडिश मसाज यांची तुलना झाली (२००५). दोन्हींनी आराम पडला, दोन्ही जवळपास सारख्याच ठरल्या.

३. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये कंबरदुखी आणि मसाज यांवरच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. निष्कर्ष असा, की थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्यामुळे ठामपणे काही सांगता येत नाही.

४. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये डॉक्टरांना दिलेल्या सूचनांत, नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर यांसारखे उपाय सुचवले आहेत. जुनाट कंबरदुखीसाठी मात्र व्यायाम अग्रभागी आहे, योगासनांचाही त्यात उल्लेख आहे.

आता 'गाठी फोडतो', 'चिकटलेले पडदे सोडवतो' या दाव्यांविषयी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात मांडीच्या बाहेरच्या बाजूचे आणि तळपायाचे जाड आवरण हाताच्या दाबाने किती ताणले जाईल याचा हिशेब केला गेला. ते एक टक्का दाबायलासुद्धा माणसाला सोसणार नाही इतका जोर लागेल, असे उत्तर आले. म्हणजे मसाजने आराम पडतो हे खरे, पण तो आतले काही फाडून किंवा सोडवून पडतो असे दिसत नाही. दाब, ऊब आणि विश्रांती यांमुळे मज्जासंस्था स्नायूंवरची पकड सैल करते आणि दुखण्याची जाणीव काही काळ बोथट होते, हे अधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. 'विषारी द्रव्ये बाहेर पडतात, म्हणून भरपूर पाणी प्या' यालाही आधार नाही. पाणी अवश्य प्या, पण तहान लागली म्हणून.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. 'जेवढे दुखेल तेवढा गुण' ही आपल्याकडची समजूत इथे लागू पडत नाही. साधा मसाज जर नेमक्या मसाजइतकाच गुण देत असेल, तर दात-ओठ खाऊन सोसण्यासाठी जास्त पैसे का मोजावेत? पायांच्या मसाजची खरी जमेची बाजू ही, की तो खोल असूनही बोचत नाही. तो बोचू लागला तर त्याचे वैशिष्ट्यच संपले.

माझ्या वहीतून

अभियंत्याची खोड म्हणून मी सहा बैठकांची नोंद ठेवली. रोज सकाळी उठल्यावर दुखण्याला शून्य ते दहा यांतला आकडा द्यायचा आणि पायात मोजे उभ्याने घालता येतात की बसून, ते लिहायचे.

पहिल्या बैठकीत थेरपिस्टने आधी दोन पाने भरून घेतली : कोणती औषधे, कोणती ऑपरेशन्स, हाडांची तपासणी झाली आहे का. मग पाय धुऊन ती टेबलावर चढली. पाऊल नेहमी मणक्याच्या बाजूने फिरले, मणक्यावर एकदाही आले नाही. बरगड्यांच्या खाली, मूत्रपिंडांच्या जागी तिने वजन जवळजवळ काढूनच घेतले. दर थोड्या वेळाने "दहापैकी किती?" असे विचारायची आणि सातच्या पुढे आकडा गेला की दाब कमी करायची. दुसऱ्या दिवशी अंग किंचित ठणकले, पण मोजे उभ्याने घालता आले.

पहिल्या तीन बैठका मी दर आठवड्याला नुसत्या मसाजच्या घेतल्या. सकाळचा आकडा ६ वरून ३ वर यायचा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत ५ वर जायचा. पुढच्या तीन बैठका मी दोन आठवड्यांच्या अंतराने घेतल्या आणि मधल्या दिवसांत फिजिकल थेरपिस्टने शिकवलेले चार व्यायाम आणि रोज अर्धा तास चालणे ठेवले. मसाजनंतरच्या दोन-तीन सैल दिवसांत व्यायाम नीट जमत असत, हे मला विशेष जाणवले. सहाव्या बैठकीनंतर महिनाभर आकडा २ आणि ३ च्या दरम्यान राहिला. एका माणसाच्या वहीवरून सिद्धान्त काढता येत नाही. पण अभ्यास जे सांगतात त्याच्याशी ते जुळते : मसाज दार किलकिले करतो, आत जायचे काम व्यायामाने करायचे असते.

कोणी करून घेऊ नये?

हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. पुढीलपैकी काही असेल तर पायांचा, किंबहुना कोणताही खोल मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये :

१. हाडे ठिसूळ झाली असतील, किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील.

२. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील. खोल दाबाने आत रक्तस्राव होऊ शकतो.

३. एका पायाची पोटरी सुजली असेल, गरम किंवा लाल झाली असेल. ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. मुंबईहून सोळा-सतरा तास विमानात बसून आलेल्या माणसाची पोटरी दुखत असेल तर ती अजिबात रगडू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. आधी डॉक्टर.

४. मधुमेहामुळे पायांत बधिरपणा असेल. दाब किती पडतो हे ज्याला कळत नाही त्याला "दहापैकी किती?" याचे उत्तर देता येणार नाही.

५. मणक्याचे ऑपरेशन झालेले असेल, कॅन्सरचा इतिहास असेल, गरोदरपण असेल किंवा पोटातल्या मुख्य रोहिणीला फुगा असेल.

आणि पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पायातली शक्ती जाणे, यांपैकी काही झाले तर मसाजची अपॉइंटमेंट नव्हे, इमर्जन्सी रूम गाठावी. ताप, कारण नसताना घटलेले वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तरीही डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

नातवाच्या पायांची मालीश

आता दांड्यांच्या मुद्द्याकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजोबांची पाठ तुडवून दिली आहे. भिंतीला धरून उभे राहायचे आणि आजोबा "जरा खाली, हां, तिथेच" म्हणत राहायचे. त्या आठवणीत माया आहे, याबद्दल वाद नाही. पण आता आपले आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात ड जीवनसत्त्वाची कमतरता, हाडांची तपासणी कधीच झालेली नाही, आणि ते कौतुकाने नातवाला पाठीवर उभे करतात. हे मी आपल्या मंडळातल्या एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

पुन्हा हिशेब करू. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे वजन ३० किलोच्या आसपास असते. त्याने एका टाचेवर भार दिला आणि टाचेचा टेकलेला भाग १२ चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब अडीच किलो होतो, म्हणजे माझ्या उदाहरणातल्या पावलाच्या दहापट. त्याच्या डोक्यावर दांड्या नाहीत, वजन काढून घ्यायला नळ नाही. तोल गेला की पाऊल मणक्यावर किंवा बरगडीवर येते, आणि त्याने गंमत म्हणून एक उडी मारली तर भार कितीतरी पटींनी वाढतो. ठिसूळ मणका दबायला खोकला किंवा वाकून बादली उचलणे एवढेही कारण पुरते. मग हे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको. मणका दबला तर दुखणे महिनोन् महिने राहते, पोक येते, आणि ज्या भेटीसाठी ते इतक्या लांब आले ती भेट बिछान्यात जाते. शिवाय त्या अपघाताला आपण कारण झालो ही बोच नातवाच्या मनात राहते, ती निराळीच.

वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे आपल्याला जड जाते. म्हणून पर्याय द्यावा. आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून नातवाने तळहातांनी खांदे आणि पाय हलके चेपून द्यावेत, कमरेला गरम पाण्याची पिशवी द्यावी. वरच्या अभ्यासांनी हेच सांगितले आहे, की हलक्या हाताचा गुण कमी नसतो. स्पर्शाची मायाही तीच राहते. आणि ६५ वर्षांवरील स्त्रियांनी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. भारतातून निघण्यापूर्वीच ती करून घेतली तर इथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

खर्चाचा ताळेबंद

माझ्या भागात एका तासाच्या बैठकीला टिपसह सुमारे ११० डॉलर पडले. दहा बैठकांचे ११०० डॉलर. दर महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर घेतले तर १३२० डॉलर. हा खर्च कोण देते?

मेडिकेअर : मूळ मेडिकेअर मसाजचा खर्च देत नाही. फिजिकल थेरपी देते, आणि जुनाट कंबरदुखीसाठी २०२० पासून अ‍ॅक्युपंक्चरही देते, ९० दिवसांत १२ बैठका. काही मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजनांत मसाजची सवलत असते, तेव्हा आपल्या योजनेचे पुस्तक पाहावे.

नोकरीचा इन्शुरन्स : स्वतंत्र मसाज बहुधा बसत नाही. फिजिकल थेरपिस्टने उपचाराचा भाग म्हणून हाताने केलेले काम मात्र थेरपीच्या बिलात येऊ शकते. माझा फिजिकल थेरपीचा को-पे ३० डॉलर होता, म्हणजे मसाजच्या एका बैठकीच्या पैशांत तीन भेटी झाल्या असत्या.

एचएसए आणि एफएसए : नुसत्या आरामासाठी घेतलेला मसाज यांत चालत नाही. डॉक्टरांनी विशिष्ट दुखण्यासाठी मसाज आवश्यक आहे असे पत्र लिहून दिले तर चालतो. पत्रात दुखण्याचे नाव, किती बैठका आणि किती काळ हे असावे आणि पत्र पहिल्या बैठकीच्या आधी घ्यावे. आपण २२ टक्क्यांच्या करगटात असाल तर ११०० डॉलरवर २४२ डॉलर केंद्रीय कर वाचतो. पत्राशिवाय एचएसएचे पैसे वापरले आणि वय ६५ च्या आत असेल तर कर आणि वर २० टक्के दंड, हे विसरू नये. पत्र आणि पावत्या करांच्या कागदांबरोबर जपून ठेवाव्यात.

पॅकेज आणि मेंबरशिप : दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरले तर सवलत, असा आग्रह होतो. आधी दोन बैठका सुट्या घ्या. मेंबरशिप घेतलीच तर न वापरलेल्या बैठकांचे काय होते आणि रद्द करायला किती दिवसांची नोटीस लागते हे लेखी घ्या.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. चार बैठकांत मोजता येईल असा फरक पडला नाही तर थांबायचे आणि तेच पैसे फिजिकल थेरपीकडे वळवायचे. फरक पडला तरी सहा-आठ बैठकांनंतर व्यायाम चालू ठेवून मसाज कमी करत न्यायचा.

जाण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१. तुमच्याकडे राज्याचे मसाज लायसन्स आहे का? बहुतेक राज्यांत ते लागते. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी १००० तासांचे शिक्षण लागते, न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये ५००.

२. पायांच्या मसाजचे वेगळे प्रशिक्षण कुठे आणि किती घेतले? साध्या लायसन्सच्या शिक्षणात ते येतेच असे नाही.

३. छताला दांड्या आहेत का आणि त्या कशा बसवल्या आहेत? दांड्या नसतील तर परत यावे, असे मी तरी म्हणेन.

४. माझी औषधे आणि आजार तुम्ही आधी लिहून घेणार का? जो विचारत नाही त्याच्या पायाखाली झोपू नये.

५. मी "थांबा" म्हटले तर लगेच थांबणार का? हसून टाळणारा थेरपिस्ट आपल्या कामाचा नाही.

थोडक्यात सांगायचे तर पायांचा मसाज ही बुवाबाजी नाही आणि संजीवनीही नाही. निरोगी हाडांच्या, मोठ्या स्नायूंच्या दुखण्याने त्रासलेल्या माणसाला तो न बोचता खोलवरचा, पण काही दिवसांचा आराम देतो. त्या काही दिवसांत आपण चालायला आणि व्यायामाला लागलो तर पैसे वसूल झाले, नाहीतर दर महिन्याला ११० डॉलरचे भाडे भरून आराम उसना आणल्यासारखे होईल.

पुढच्या अंकासाठी मूळ मेडिकेअर आणि अ‍ॅडव्हान्टेज योजना यांची तुलना लिहावी अशी काही सभासदांची सूचना आहे. त्याविषयी आपले प्रश्न असतील तर संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावेत. तोवर बर्फ उपसताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांतून वाका. त्याला एक सेंटही लागत नाही.